वृक्षराजाचा होकार

पौर्णिमेच्या पूजेला बागेच्या मागच्या फाटकातून आत शिरायला पाऊण तास लागत होता. जिथे तिकीटसुद्धा नाही अशा बागेबाहेर रांग लागलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. रांगेच्या टोकाला एक झाड होतं, एकशे दहा वर्षांचं, बिबल्याच्या कुळातलं. त्याच्या खोडाला बांधलेल्या लाल कापडाखालून रक्त ओघळत होतं.

"ताजं आहे, आत्ताच आलं," असं एकमेकींना सांगत बायका उदबत्त्या कपाळाशी धरत होत्या. कोणी ते रक्त रुमालाला पुसून घरी नेत होतं. कोणी संत्री वाहिली, कोणी बिअरचे डबे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गुडघेदुखीवर उपाय म्हणून बोट बुडवून चाटलंसुद्धा. त्यांचे दोन्ही मुलगे माझ्या वर्गात होते. एकतीस वर्षं मी, सगळ्यांची कोबाई, या शहरात जीवशास्त्र शिकवलं, त्याचं काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

या कुळातल्या झाडाला जखम झाली की लाल चीक येतो. हे सातवीच्या पुस्तकात आहे. प्रश्न एवढाच होता, की ही जखम चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशीच, बरोबर पूजेच्या मुहूर्तावर कशी होते? पुढच्या पूजेला मी फाटक उघडण्याआधी कुंपणाच्या फटीतून आत गेले. आ-तेक शिडीवर होता. बागेचा सर्वांत जुना माळी, माझ्या ओळखीचा. लाल कापड वर सारून तो कलम करायच्या चाकूने सालीवर बारीक चीर देत होता.

"उतर खाली," मी म्हणाले.

तो उतरला. चाकू पँटला पुसला. "बाई, कोणाला सांगू नका."

"तू झाडाला जखमा करतोस? तू?"

"बारीक आहेत, महिन्याभरात भरतात. ते बुंध्यापासून कापणार आहेत, ते भरायचं नाही."

ते म्हणजे एक बांधकाम कंपनी. बागेचा मागचा अर्धा भाग, जपानी अमदानीत लावलेल्या महोगनी, रबर, कापूर यांच्यासकट, तिला काचेचा मॉल आणि वाहनतळ बांधायला द्यायचं नगरपालिकेने ठरवलं होतं. नागरिकांच्या हरकती मागवल्या होत्या. महिनाभरात दोन आल्या, एक माझी आणि एक आ-तेकची.

"तुम्ही पत्रकं वाटलीत," आ-तेक म्हणाला. "लोकांनी त्यात शेंगांची टरफलं टाकली. आता बघा."

बघण्यासारखंच होतं. झाड रडतंय अशी आवई उठल्यावर सहाशेच्या वर हरकती गेल्या. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात सगळ्यांनी एकच ओळ लिहिली होती: वृक्षराजाची इच्छा नाही. मी ते वाचलं आणि गप्प बसले. बाग वाचत होती ना. माझ्या तोंडाला कोणी कुलूप लावलं नव्हतं, मीच लावून घेतलं.

जिथे रक्त तिथे महाराज यायचेच. याओ महाराज डोंगरातल्या कुठल्याशा देवळातून आले आणि झाडाखाली मांडी घालून बसले ते उठेचनात. "वृक्षराजाची लहर चारशे बत्तीसची," ते सांगत. "माणसाची फक्त बत्तीसची. मग तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचणार कसं? म्हणून आधी हे लहरींचं पाणी प्यायचं, मग बोलायचं." चारशे बत्तीस काय, हे कोणी विचारलं नाही. पाण्याच्या बाटल्या मात्र दुपारपर्यंत संपत.

दोन महिने हे चाललं. मग मी रांग पाहिल्यापासूनच्या सहाव्या पौर्णिमेला महाराज कंपनीच्या गाडीतून उतरले आणि त्यांची लहर बदलली.

"वृक्षराज इथे कंटाळलाय," त्यांनी जाहीर केलं. "धूर, गोंगाट. त्याला डोंगरावर नवं देऊळ हवंय. अहो, झाड म्हणजे त्याचं घर. आपण घर बदलतो, त्याने का बदलू नये? पण सांगणारा मी कोण? त्यालाच विचारू."

आमच्याकडे देवाला विचारायचं ते लाकडाच्या दोन चंद्रकोरींनी. प्रत्येकीची एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्या आणि एक सपाट, एक फुगीर अशी वर आली की होकार. दोन्ही सारख्या पडल्या तर होकार नाही. लागोपाठ तीनदा होकार आला की पुढे कोणी तोंड उघडत नाही. त्यावर लग्नं ठरतात, दुकानं बंद होतात.

महाराजांनी झोळीतून स्वतःच्या कोरी काढल्या. "वृक्षराजा, तुला जायचंय?" होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही. कोणाला शंका नको म्हणून त्यांनी नऊदा टाकल्या, नऊदा होकार आला. फाटकाशी शेंगदाण्याच्या गोड सूपचा गाडा लावणाऱ्या तेंगकाकू पदराआड रडाव्यात तशा ॲप्रनमध्ये तोंड घालून रडायला लागल्या. "जायचं म्हणतोय हो तो," त्या म्हणाल्या.

लागोपाठ नऊ होकार म्हणजे पाचशे वेळा बसलात तर एकदा. देव कंपनीची एवढी सोय कशाला बघेल?

"महाराज, मलाही विचारायचंय," मी म्हणाले. गर्दीतले निम्मे माझे विद्यार्थी, त्यांनी वाट करून दिली. महाराजांना नाही म्हणता येईना.

"विचारा. पण श्रद्धेने."

"वृक्षराजा, तुला इथेच राहायचंय का?" मी त्यांच्याच कोरी उचलून टाकल्या. होकार. तीनदा टाकल्या, तीनदा होकार.

"याओ महाराज थापा मारतात का?" होकार. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आज मंगळवार आहे का?" होकार. त्या दिवशी शनिवार होता.

"इकडे द्या, तुमच्या हाताने लहर बिघडली," म्हणत महाराज पुढे झाले. मी कोरी आ-तेककडे दिल्या. त्याने एकेक दगडावर ठेवून कोयत्याने फोडली. दोन्हीतून शिशाची गोळी निघाली, मासे धरायच्या गळाला बांधतात तशी. एकीत ती फुगीर बाजूला होती, दुसरीत सपाट बाजूला. जड बाजू खाली बसते, त्यामुळे एक कायम सपाट आणि एक कायम फुगीर. काहीही विचारा, उत्तर होच.

गोंधळात महाराज कुठल्या बाजूने सटकले ते कळलं नाही. मला शाबासकी मिळाली. तेवढ्यावर घरी जायला हवं होतं.

"बाई, मग रक्त?" तेंगकाकूंनी विचारलं. "ते तरी खरं ना?"

आ-तेक माझ्याकडे बघत होता. त्याने हळूच मान हलवली, नको म्हणून. मला माहीत नाही एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोर सगळे माझ्या वर्गातले चेहरे होते, नुकत्याच कोरी फोडून झाल्या होत्या, आणि माझ्या तोंडून खोटं निघेना. मी चिकाचं सांगितलं, चिरेचं सांगितलं. नाव घेतलं नाही. नाव त्यानेच सांगितलं.

"मीच करत होतो," आ-तेक म्हणाला.

एकाने आपली संत्री परत पिशवीत भरली.

"म्हणजे नुसतं झाडच आहे," कोणीतरी म्हणालं.

"हो, झाडच आहे," मी म्हणाले. "पण अशी झाडं पुन्हा लावायला शंभर वर्षं लागतील. तुमच्या गल्लीतलं पावसाचं पाणी इथेच मुरतं. उन्हाळ्यात..." मी पाठींशी बोलत होते. शाळा सुटल्यावर वर्गात उरलेल्या मास्तरणीसारखी मी तिथे उभी होते, आणि मला रडू आलं.

नगरपालिकेतला अधिकारी फार सौजन्याने वागला. चहा दिला. सुनावणीच्या टेबलावर सहाशे अर्जांचा गठ्ठा होता.

"कोबाई, यांत कारणच नाही," तो म्हणाला. "वृक्षराजाची इच्छा नाही, एवढंच. त्याची इच्छा आम्ही कशी तपासणार? आणि तो नाहीच हे तर तुम्हीच सिद्ध केलंत."

"सह्या माणसांच्या आहेत."

"सह्या आहेत. पण कारण नसलेली हरकत बाद होते, नियम आहे तसा."

"मग त्यांना पुन्हा लिहू द्या."

"मुदत संपली, बाई."

त्याने गठ्ठ्यातून तीन अर्ज बाजूला काढले. दोन आमचे. तिसरा तेंगकाकूंचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्या कचेरीत जाऊन वृक्षराजाची ओळ खोडून आल्या होत्या. खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दुपारी दोन ते पाच माझ्या गाड्यावर या झाडाची सावली असते. ती गेली तर मला उन्हात उभं राहवणार नाही.'

"ही ग्राह्य आहे," अधिकारी म्हणाला. तीन हरकतींनी योजना थांबत नाही. ती मंजूर झाली. आ-तेकची बदली रस्त्याच्या दुभाजकातल्या कुंड्यांवर झाली. तो माझ्याशी बोलतो, पण बागेबद्दल बोलत नाही.

त्या सहाशे जणांपैकी प्रत्येकाकडे तेंगकाकूंसारखं एक वाक्य होतं. कोणाची आई तिथे चालायला यायची, कोणाच्या तळघरात पाणी शिरायचं नाही, कोणाला दम्याच्या त्रासात तिथेच बरं वाटायचं. ते त्यांनी लिहिलं नाही, कारण त्यांच्या वतीने देव बोलत होता. आणि देवाला कोणीही बोलता करतं. आज आपण चाकूने, उद्या दुसरा कोणी शिशाच्या गोळीने. हे मला ठाऊक होतं आणि मी पाच महिने गप्प राहिले, कारण तेव्हा तो आमच्या बाजूने बोलत होता.

तुमच्याही शहरात एखादी बाग असेल, एखादा तसाच अर्ज येईल. रकाना छोटा असतो, पण एक वाक्य मावतं. ते तुमचं स्वतःचं असू द्या, खरं असू द्या, आणि मुदत संपायच्या आत लिहा.