एकविसाव्या दिवसाचा नमुना

कृष्णा वीस दिवसांचा झाला त्या सकाळीही लघवीची पिशवी त्याच्या अंगाला टिकली नाही. सलग तिसरा दिवस. इस्पितळातली नर्स ती प्लॅस्टिकची छोटी पिशवी चिकटवून द्यायची, आम्ही बाकावर वाट पाहत बसायचो, आणि तो शू करायचा तेव्हा पिशवी बाजूला सरकलेली असायची. सगळी शू माझ्या साडीवर.

कृष्णा माझ्या लेकीचा, रागिणीचा पहिला मुलगा. जावई शंतनू हवाई दलात. २००४ साली त्यांची नेमणूक चंदीगडला होती. रागिणीला बाळंतपणासाठी कराडला येणं जमेना, म्हणून मीच तिकडे गेले. बाळ जन्मलं दोन किलोचं, अंगावर बारीक जांभळे ठिपके. कानांच्या तपासणीत ते दोनदा नापास झालं. नापास हा शब्द डॉक्टरांचा. मी चौतीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं, पण एवढ्याशा मुलाला कुणी नापास केलेलं पाहिलं नव्हतं.

तिथले शिकाऊ डॉक्टर हेरंब मूळचे लातूरचे. मराठी माणसं भेटली म्हणून खूश होते. त्यांनी मला नीट समजावलं.

"सीएमव्ही म्हणून एक विषाणू असतो, आजी. मोठ्या माणसाला होऊन जातो, कळतसुद्धा न्हाई. पण पोटातल्या लेकराला झाला तर कानाला, मेंदूला धोका. लघवीत तो आहे का आणि किती आहे, ते मशीन मोजतं. फक्त नमुना एकवीस दिवसांच्या आत पाहिजे बघा."

"बाविसाव्या दिवशी काय बिघडतं?"

"नंतर सापडला तर पोटातून आला का आईच्या दुधातून, कसं सांगायचं? आणि पक्कं कळल्याशिवाय आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम औषध देणार न्हाईत. औषध लई कडक आहे."

त्या विसाव्या दिवशी हेरंबनी गळलेली पिशवी उचलली, बोटांत चोळून पाहिली आणि माझ्याकडे वळले. "आजी, सकाळी याला तेल लावून आणता का?"

"तर! इस्पितळात न्यायचं म्हणून जरा जास्तच चोळते. पोटाला, मांड्यांना, सगळीकडे."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो, मग चिकटपट्टी बसंल कशी?"

तेलकट बोटांनी वहीत चित्र चिकटवलं की ते पडतं, हे मी दर वर्षी पोरांना सांगत आले होते. तीन दिवस माझ्याच हातांनी वाया घालवले होते. उरला होता एकच.

घरी आल्यावर मी ते सगळ्यांना सांगून टाकलं. विहीणबाई, म्हणजे शंतनूच्या आई रत्नप्रभाबाई, दुपटी घड्या घालत होत्या.

"बरंच झालं म्हणा की," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना व्हायच्या आत ओल्या बाळंतिणीला आणि लेकराला रोज वाऱ्यात फिरवताय. कळून तरी काय करणार? कान का बाजारात मिळतात?"

"कळलं तर औषध मिळेल, विहीणबाई."

"नशिबात असेल ते होईल."

"माझ्या वर्गात हे वाक्य चालत नव्हतं," मी म्हणाले. "मुलाला बेरीज येत नसेल तर आधी का येत नाही ते शोधायचं. नशीब वगैरे नंतर."

"हा काय तुमचा वर्ग आहे?"

"नसू दे. उद्या मी जाणार आहे."

रागिणी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

एकविसाव्या दिवशी कृष्णाला तेलाचं बोटही लावलं नाही. हेरंबनी या वेळी पिशवी दिलीच नाही, एक निर्जंतुक बाटली दिली. "थेट धरा, आजी. प्रयोगशाळेची खिडकी अकराला बंद होते."

साडेनऊला रागिणीनं त्याला पाजलं. मी त्याला उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसलं आणि खिडकीसमोरच्या बाकावर उघडाच मांडीवर घेतला, अंगावर शाल. हातात बाटली. दहा वाजले. साडेदहा. शेजारची एक सरदारीण बाई "शूऽऽ" करू लागली, मग तिचा नवराही. कृष्णा आम्हा सगळ्यांकडे शांतपणे बघत होता. अकरा वाजले, खिडकी बंद झाली. आणि चार मिनिटांनी त्यानं धार सोडली. थेंबही बाहेर गेला नाही.

मी बाळ रागिणीकडे दिलं, बाटलीला झाकण लावलं आणि खिडकी वाजवली. आतल्या माणसानं ती वीतभर उघडली.

"माताजी, टाइम हो गया. कल आना."

"कल बाईसवां दिन है, बेटा."

"रूल है जी. मैं क्या करूँ?"

"रूल अच्छा है," मी म्हणाले. माझं हिंदी शाळेच्या पुस्तकातलं. "ये बच्चे का भी रूल है. इक्कीस दिन. आपका रूल कल फिर आएगा, इसका नहीं आएगा."

त्यानं खिडकी ओढली. मी फटीत हात घातला आणि तिथेच ठेवला.

"हाथ हटाओ, माताजी, लग जाएगी!"

"लगने दो."

हट्टी मुलासमोर आवाज चढवायचा नसतो, नुसतं उभं राहायचं असतं. मी उभी राहिले. मागून सरदारीण गरजली, "ले ले, वीरे, ले ले! तेरी माँ होती तो?" तो पुटपुटला, खिडकी उघडली, बाटली घेतली. मी बोट दाखवून त्याच्याकडून बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून घेतली.

चौथ्या दिवशी अहवाल आला. एका मिलिलिटरमध्ये अठ्ठावीस लाख विषाणू.

"म्हणजे बहिरा होणार?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. त्या दिवशी त्याही आल्या होत्या.

"आकडा मोठा म्हणून बहिराच होणार असं न्हाई, आजी," हेरंब म्हणाले. "लहान असता तर सुटला, असंही न्हाई. पण हे पोटातूनच आलंय, एवढं पक्कं झालं. सहा आठवडे शिरेतून औषध, दर आठवड्याला रक्त तपासायचं, मधेमधे विषाणू परत मोजायचे. गेलेलं परत येईल असं मी लिहून देणार न्हाई. आहे तेवढं ऐकणं टिकावं म्हणून हे."

"सहा आठवडे सुया? एवढ्याशा जिवाला? आणि इतकं करून नाहीच ऐकू आलं तर?"

मी तोंड उघडणार, तोच रागिणीनं बाळ माझ्याकडे दिलं आणि सासूकडे बघत संमतीचा कागद पुढे ओढला.

"नाही आलं तर कानाला मशीन लावू, आई. तेही नाही जमलं तर हातांनी बोलायला शिकू, तुम्हीसुद्धा शिकाल." तिनं सही केली. "पण करता येत होतं तेव्हा आम्ही घरात बसलो होतो, असं मी त्याला सांगणार नाही. डॉक्टर, पहिलं औषध आजच द्या."