भिंगरीचा उघडा पंख

मी एक जुने विमान आहे. पण लगेच आकाशाकडे बघू नका, मित्रांनो. माझ्या पोटात माणसे बसत नाहीत आणि मी कोणत्याही गावाला जात नाही. मी एका जागी उभ्या असलेल्या माणसाभोवती गोल उडते. माझ्या डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि त्या माणसाच्या मुठीतल्या हँडलला जोडलेल्या असतात. त्याने मनगट मागे वाकवले की मी वर जाते, पुढे वाकवले की खाली येते. एवढ्याशा इशाऱ्यावर मी कोलांट्या मारते, पाठीवर उडते, हवेत आठाचा आकडा काढते. माझ्याबरोबर तो माणूसही स्वतःभोवती फिरत राहतो, त्यामुळे या खेळात विमानाआधी माणसालाच गरगरायला लागते. माझे नाव भिंगरी.

मला बाबांनी जेवणाच्या टेबलावर बनवले. तेव्हा ते कोणाचे बाबा नव्हते. छापखान्यातली यंत्रे दुरुस्त करणारे एक तरुण कारागीर होते. माझे अंग बाल्सा नावाच्या लाकडाचे आहे. हे लाकूड इतके हलके असते की हातात फळी घेतली तरी हात रिकामाच वाटतो. बाबांनी फासळ्या कापल्या, त्या पट्ट्यांवर ओवून पंख केले, शेपटी घासून पातळ केली. मग आईचे काम सुरू झाले. तिने माझ्यावर लाल रेशमी कापड ताणून बसवले आणि त्यावर डोप नावाचे उग्र वासाचे रोगण चढवले. वाळल्यावर कापड असे ताठ झाले की टिचकी मारली तर टणटण वाजे. तोवर घरातली माणसे जमिनीवर बसून जेवली, कारण टेबल माझे होते.

मैदानावर माझे दिवस फार चांगले गेले. इंजिन सुरू झाले की एरंडेल मिसळलेल्या इंधनाचा वास सुटे, आई मला धरून ठेवी, बाबा मधोमध जाऊन हँडल उचलत आणि मान हलवत. आईने सोडले की मी निघाले. जमिनीपासून हातभर उंचीवर काटकोनात वळायचे आणि पुन्हा सरळ उडायचे, हा माझा हातखंडा होता. बघणारे नकळत दोन पावले मागे सरत.

आणि मग लोक काय म्हणत? "काय मनगट आहे!"

मला हे कधीच पटले नाही. वळले कोण? मी. उलटी उडाले कोण? मी. टाळ्या मात्र मनगटाला, आणि माझ्या वाट्याला तेल पुसायचे फडके. एकदा तर कोणीतरी बाबांना म्हणाले, "तुम्ही दार उडवलंत तरी ते उडेल." बाबा हसले. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला पुसायचे ते विसरले. स्तुतीच होती ती, पण तिच्यात माझी आणि त्यांच्या टेबलावरच्या मेहनतीची काहीच किंमत नव्हती.

त्याच मैदानावर बाबांचे एक मित्र येत. त्यांना सगळे धडामकाका म्हणत. त्यांनी आणलेले विमान घरी जाताना नेहमी पिशवीतून जाई. माणूस मोठा दिलदार. पडलेले तुकडे गोळा करताना स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. पुढच्या रविवारी नवे विमान घेऊन हजर.

मीही पडले नाही असे नाही. माझे नाक अनेकदा मोडले. बाबा गोंद लावत, आई ठिगळ लावी, वरून रंगाचा हात फिरे आणि मी पुन्हा उडे. पण पुढे बाबांना गोल फिरताना चक्कर येऊ लागली. एकदा ते मैदानातच खाली बसले. त्या दिवसानंतर त्यांनी हँडल हातात घेतले नाही आणि मला बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगण्यात आले.

भिंतीवरचे आयुष्य थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. आधी मला रोज पुसत, मग सणावारी, मग पाहुणे येणार असले तर. बाबांच्या लेकीचे लग्न झाले आणि जावई आमच्याच घरात राहायला आला. माणूस चांगला आहे, पण त्याने पहिल्याच आठवड्यात माझ्या चाकाला ओली छत्री अडकवली.

लेक लाकूड कापायच्या कारखान्यात काम करते. दुकानांच्या पाट्या, खेळणी, लहानसहान खोकी असे काहीबाही तिथे लेसरच्या यंत्रावर कापले जाते. एक दिवस ती कामावरून आली, माझ्याखाली उभी राहिली आणि छत्री काढून म्हणाली, "बाबा, आपण भिंगरीचं किट काढू या."

किट म्हणजे सुटे विमान, मित्रांनो. एका पेटीत कापलेल्या फासळ्या, पट्ट्या, वाकवलेली तार, चाके आणि मोठा आराखडा. घेणाऱ्याने घरी बसून जोडायचे.

"कोण घेणार?" बाबांनी पेपरातून डोके वर काढले नाही.

"मैदानावरचे सगळे विचारतात. पेटीवर तुमचं नाव टाकणार आहे मी. मोठ्या अक्षरात."

बाबांनी पेपर खाली ठेवला. त्यांना आनंद लपवता येत नाही. कान लाल होतात.

मग मला खाली उतरवले. लेकीने माझी इंचन् इंच मापे घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मला तोलले. संगणकावर आराखडा काढला, फासळ्या कापून आणल्या. त्यांच्या कडा लेसरने तपकिरी झाल्या होत्या आणि सबंध घराला जळक्या लाकडाचा वास येत होता. कापताना तिने टणक, सरळ रेषांचे, एकही डाग नसलेले बाल्सा निवडले. बाबांचे नाव लागणार, पेटी लांब जाणार, कुठे काही मोडायला नको, असा तिचा विचार. जोडलेले विमान काट्यावर ठेवले तर त्याचे वजन बरोबर माझ्याएवढे भरले. लेक आनंदाने ओरडली. जावयाने उत्साहाच्या भरात पेट्याही छापून आणल्या.

रविवारी तिने ते विमान उडवले. लेक लहानपणापासून बाबांबरोबर उडवत आलेली, हात तयार. तरीही विमान ऐकेना. हँडल जरा हलले की नको तितके उसळे, आणि वळणावर आले की शेपूट टाकून बसे. तिसऱ्या कोलांटीला ते वर गेले, तिथेच अडखळले आणि सरळ खाली आले.

घरी लेकीने तुकडे टेबलावर मांडले. ते बघून बाबा म्हणाले, "पेटीवर माझं नाव नको घालूस."

"बाबा, पेट्या छापून झाल्यात."

"मग नावावर कागद चिकटव. लोक म्हणायचे तेच खरं होतं. विमानात काही नव्हतं. माझा हात चालत होता म्हणून ते चाललं. आता हात गेला, संपलं."

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. माझ्या आत काय आहे हे मला ठाऊक होते. पण मी टेबलावर पडून होते आणि बाबा दार लोटून आतल्या खोलीत गेले होते. एवढी वर्षे मी त्यांच्या मनगटावर रुसून होते, आणि त्या माणसाला स्वतःच्या कामाबद्दल माझ्याहून वाईट वाटत होते. मला माझ्या रुसव्याची लाज वाटली.

जावई खाली मान घालून पेट्यांवर कागद चिकटवू लागला. लेक माझ्याकडे बघत बसली. "हिच्यात काय आहे ते फाडल्याशिवाय कळायचं नाही," ती हळूच म्हणाली. "पण एकच तर आहे. बाबा नाही म्हणतील."

आई भांडी पुसत होती. ती बाहेर आली. "कापड कोणी लावलंय?"

"तू."

"मग मी सांगते, फाड."

"अगं आई, पुन्हा असं कापड..."

"भिंतीवर टांगून काय लोणचं घालायचंय तिचं? आण इकडे ते पातं."

तिने स्वतःच पाते घेतले. मी घाबरले होते, खोटे कशाला बोलू? माझ्या उजव्या पंखावर तिने अशी सरळ रेघ ओढली की कापड कुरकुरलेसुद्धा नाही. मग ते दोन्ही बाजूंना दुमडले आणि माझ्या आत पहिल्यांदाच उजेड पडला.

लेकीने आत बोट घातले. माझ्या फासळ्या कागदासारख्या पातळ, मऊ. नखाने दाबले तर खूण उमटावी अशा. मधे भोके पाडून त्या आणखी हलक्या केलेल्या. तिने शेपटीचा रंग खरवडून पाहिला, तिथेही तेच. मग नाकाशी आली. तिथले लाकूड काळेठिक्कर. वर्षानुवर्षे इंधन पिऊन जड झालेले, त्यावर गोंद, त्यावर ठिगळे, त्यावर रंगाचे थर.

"अगं बाई!" लेकीने कपाळाला हात लावला. "हिचं वजन सगळं तेलाचं आणि गोंदाचं आहे. तेही पुढे. नवी होती तेव्हा ही कितीतरी हलकी असणार. आणि मी त्या नवीनला मागूनपुढून सगळीकडे जड करून ठेवलं!"

दार उघडे होते. बाबा तिथे कधी येऊन उभे राहिले ते कोणालाच कळले नाही. माझा फाडलेला पंख बघून त्यांचा चेहरा उतरला. आईने त्यांना बोलू दिले नाही. "अहो, नंतर रागवा. आधी तिला सांगा, हे लाकूड कसं निवडलं होतंत?"

बाबांनी माझ्या उघड्या पंखावरून बोट फिरवले. मग खुर्ची ओढून बसले. एकेक पट्टी हातात घेऊन सांगू लागले: शेपटीला सगळ्यांत मऊ, फासळ्यांना मऊ, मधल्या लांब पट्टीला मात्र टणक, कारण सगळा भार तिच्यावर. पट्टी वाकवून कशी बघायची, दोन पट्ट्या दोन हातांत कशा तोलायच्या. लेक विचारत होती, ते सांगत होते. हे त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. मैदानावर सगळ्यांनी त्यांना विचारले ते फक्त मनगटाबद्दल.

दुसरे विमान तयार झाले. मलाही चादरीत गुंडाळून मैदानावर नेले. लेकीने ते उडवले आणि मी गाडीच्या मागच्या सीटवरून पाहिले. काटकोनात ते असे वळले की मला माझीच आठवण झाली. आईने टाळ्या वाजवल्या. जावयाने शिट्टी मारली.

बाबा म्हणाले, "छान उडवलंस. पण तुझं मनगट म्हणजे माझंच. लहानपणी मीच शिकवलंय. यावरून काही ठरत नाही."

सगळ्यांची तोंडे पडली. खरे तर त्यांचे चूक नव्हते. मग जावयाच्या डोक्यात काय आले कोण जाणे, तो मैदानाच्या टोकाला धावत गेला आणि धडामकाकांना हाताला धरून घेऊन आला.

"काका, उडवा."

"मी?" काका घाबरले. "अरे, नवं कोरं आहे. मला ओळखतोस ना तू?"

"म्हणूनच," आई म्हणाली.

लेकीने डोळे मिटून घेतले. हे एकच तर नमुन्याचे विमान होते, आणि काकांच्या हातून आजवर काही वाचले नव्हते. बाबा मात्र टक लावून बघत होते. इंजिन तापले, जावयाने सोडले. काकांची पहिली कोलांटी वाकडी झाली. दुसरी जरा गोल. उलटे उडताना काका गडबडले, हँडल चुकीच्या दिशेला वळवले, विमान गवताकडे झेपावले. माझा श्वास थांबला असता, मला श्वास असता तर. काकांनी उशिरा, फारच उशिरा हात मागे ओढला. आणि ते विमान वळले. गवताला चाटून, काटकोनात, पुन्हा वर. जड विमान असते तर तिथेच खड्डा पडला असता.

इंधन संपले. विमान अलगद उतरले, थोडे धावले आणि थांबले. अख्खे.

काका हँडल हातात धरून गरगरत उभे होते. मग त्यांनी मूठ उंच केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "बघितलंत का माझं मनगट!"

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खाली बसावे लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "बघितलं," ते म्हणाले, "चांगलं बघितलं." मग लेकीला म्हणाले, "विमान चांगलं आहे गं."

त्यांचे कान लाल झाले होते. जावई पुढचा आठवडाभर पेट्यांवरचे कागद ओल्या फडक्याने भिजवून नखाने खरवडत बसला होता.

आता मी कारखान्यात लेकीच्या टेबलासमोर टांगलेली आहे. माझ्या पंखाला पुन्हा कापड लावलेले नाही. किट घेणारे येतात आणि माझ्या आत वाकून बघतात. सुरुवातीला मला संकोच वाटे, आता सवय झाली. नखाने दाबून मात्र बघू नका, खुणा राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी हाताने बनवलेले काहीतरी असेल. त्यावरची धूळ पुसाच. पण ते बनवणारा माणूस जवळ असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसा आणि हे कसे केले ते विचारा. तो बहुधा शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो, आणि आपले काम चांगले होते की नाही याची त्याची त्यालाच खात्री नसते. चांगले असेल तर त्याला तसे सांगा. मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.