मागाच्या खोलीबाहेरची लोंबती वेल

मित्रांनो, मी एक जुनी जिरेनियमची वेल आहे. लोंबती. बेळगावच्या वडगावात राजाक्का नावाची विणकरीण राहते. तिच्या मागाच्या खोलीबाहेर, खिडकीच्या गजाला टांगलेल्या तेलाच्या डब्यात माझं घर आहे. माझ्याविषयी पुष्कळ गोष्टी तुमच्या कानावर येतील. त्यातल्या बऱ्याचशा मीच पसरवल्या आहेत.

माझा जन्म उचगावातल्या एका अंगणातला. राजाक्काची लेक पूर्णिमा तिथं मैत्रिणीकडं गेली होती. येताना तिनं माझ्या आईचा एक शेंडा खुडून जेवणाच्या डब्यात घातला. डब्यात आधी लसणाची चटणी होती, म्हणून माझ्या पहिल्या फुलाला चटणीचा वास यायचा. खोटं वाटतं? गल्लीतल्या कुठल्याही मुंगीला विचारा, शिंकत शिंकत सांगेल.

पूर्णिमाचा हात हलका. पाणी घालायच्या आधी ती मातीत बोट खुपसून बघायची. वरची माती कोरडी लागली तरच पाणी. सुकलेली फुलं ती देठासकट काढायची. एखादी फांदी फार पुढं धावली की तिचा शेंडा चिमटीनं खुडायची. मला राग यायचा, आणि त्या रागात मी बाजूनं नव्या फांद्या काढायचे. पावसाळ्यात ती मला पागोळ्यांखालून उचलून आत उजेडाला टांगायची.

काय दिवस होते ते! मी खिडकीभर गुलाबी झाले. एक फांदी तर इतकी लांबली की अनगोळच्या बसमध्ये चढली. कंडक्टरनं तिकीट मागितलं, मी फूल दिलं, त्यानं मुकाट्यानं घंटी वाजवली. शेजारच्या सोनाबाई येता-जाता म्हणायच्या, “राजाक्का, तुझ्या साडीपरास हिचाच काठ भारी हाय बघ!”

मग पूर्णिमाला बंगळूरला नोकरी लागली. निघताना तिनं माझ्या मातीत एकदा बोट घातलं आणि ती गेली. घरात उरली राजाक्का, तिचा माग आणि मी.

राजाक्काच्या घरची एक रीत आहे. मागावर साडी चालू असेल तोवर तिच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कात्री लावायची नाही. धागा तुटला तर दोन टोकं जुळवून बारीक गाठ मारायची आणि पुढं विणायचं. राजाक्कानं तीच रीत मला लावली. माझा शेंडा खुडायला तिचा हात धजेना. एकदा वाऱ्यानं माझी फांदी मोडली, तर तिनं बॉबिनचा धागा आणून ती सांधली. गाठ अशी की जवळून बघितली तरी दिसू नये. पण मित्रांनो, धाग्याला गाठ चालते, फांदीला नाही. त्या बिचारीनं थोडे दिवस हिरवी असल्याचं नाटक केलं आणि मग गळून पडली.

त्याहून वाईट पाण्याचं. लेकीची आठवण आली की राजाक्का उठायची आणि माझ्या डब्यात तांब्या ओतायची. तिला आठवण किती वेळा येते, ते माझ्या मुळांना कळायचं.

मी विरळ होत गेले. लांबच लांब उघड्या काड्या, टोकाला चार पानं, फूल नाही. लोकांनी वर बघणं सोडलं. सोनाबाईसुद्धा काही बोलेनात. दिवसभर मागाचा खटखटाट ऐकायचा आणि तो थांबला की भिंतीकडं बघायचं, एवढंच उरलं.

पूर्णिमा फोनवर तोंड बघून बोलायची. “आई, वेल दाखव की.”

राजाक्का फोन माझ्या टोकाशी धरायची. “ही बघ. लई मस्त हाय.”

एकदा पूर्णिमा म्हणाली, “फोन खाली घे. अजून खाली. आई! हिची एक बाजू बुडातनं काळी पडलीया. पाणी किती घालतीस?”

“थोडंच गं. आठवण झाली की.”

पूर्णिमा म्हणाली, “काप तिला आई. चांगले शेंडे दुसऱ्या मातीत लाव. न्हायतर सगळीच जाईल.”

“चालत्या ताण्याला कात्री? आपल्या घरात?”

“अगं, ती साडी न्हाय.”

“तू लावलेली हाय ती,” राजाक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

काळं वर चढत होतं. मी मुंग्यांना गोष्टी सांगणं थांबवलं.

अशात एका दुपारी मागावरचा ताणा संपत आला आणि त्यावरची शेवटची साडी पुरी झाली. राजाक्कानं माग थांबवला आणि कात्रीनं साडी कापून उतरवली. मागावर मात्र जुन्या ताण्याचा थोडा तुकडा ठेवला. विणकर तो ठेवतातच, नवा ताणा त्यालाच सांधायचा असतो. साडी बघायला सोनाबाई आल्या होत्या.

“कापलीस व्हय?” त्या म्हणाल्या.

“मग? कापल्याबिगर नेसणार कोण?”

राजाक्का बोलली आणि आपल्याच बोलण्यावर थबकली. कात्री हातात तशीच घेऊन ती बाहेर माझ्यापाशी आली. “तुझं बी तसंच व्हय गं?”

जन्मात पहिल्यांदा मला एकही थाप सुचली नाही.

तिनं काळी बाजू पुरती काढून टाकली. चांगल्या बाजूचे शेंडे कापले आणि कोंबाचे डोळे असलेला वीतभर खुंट ठेवला, मागावर ताणा ठेवतात तसा. शेंड्यांची खालची पानं काढून ते सावलीत सुकू दिले, मग वाळूमिश्रित मातीत खोचले.

दिवाळीला पूर्णिमा आली, तेव्हा माझ्या खुंटाला कोवळी पानं फुटली होती. जाताना तिनं माझं एक रोप जेवणाच्या डब्यात घालून नेलं. डबा या खेपेला राजाक्कानं स्वतः घासला होता, दोनदा. चटणीची गोष्ट तिच्याही कानावर गेली असावी.

आता खिडकीत पुन्हा आम्ही दोघी, राजाक्का आणि मी. तर मित्रांनो, झाडावर माया असेल तर आधी मातीत बोट घाला. वेळेवर कात्री लावायला भिऊ नका. आणि आमचा शेंडा घेऊन लांब गेलात, तर मागं राहिलेल्या खुंटाकडं अधूनमधून बघायला या.

राजाक्का अजून तांब्या घेऊन येते. मातीत बोट घालते. माती ओली लागली की तांब्या खाली ठेवते आणि फोन उचलते. कधी पलीकडून कुणी उचलत नाही. मग ती माझ्याशेजारी पायरीवर बसते आणि मी तिला सांगते, की बंगळूरची माझी लेक इकडं वाढत येतेय, मी तिकडं वाढत निघालेय, आणि धारवाडच्या आसपास कुठंतरी आम्ही भेटणार आहोत.