डार्विनची एकच जागा

महिनाभर मयूराच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिने सुनीतीला सांगितली नव्हती. सुनीतीला! जिच्या शेजारी ट्रेनमध्ये बसून ती नऊ वर्षं क्वेकर्स हिलहून पॅरामॅटाला कॉलेजात नोकरीला जात होती, जिला नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं ठाऊक होतं, तिला! पण आपली रीतच आहे ना, काम होईपर्यंत ब्र काढायचा नाही. दृष्ट लागते.

गोष्ट अशी. त्यांच्या कॉलेजचा आणखी काही कॉलेजांशी करार होता. इथल्या कर्मचाऱ्याचं मूल तिथे शिकलं तर फी माफ, पण प्रत्येक कॉलेजात वर्षाला जागा एकच. मयूराच्या इरावतीला मगरींवर शिकायचं होतं. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून मगरी मगरी करत होती, आणि तो कोर्स फक्त पार उत्तरेकडच्या डार्विन शहरातल्या कॉलेजात होता. फी भरून शिकवणं मयूराला या जन्मी जमणारं नव्हतं. तिने गुपचूप फॉर्म भरला आणि देवापुढे साखर ठेवली.

मंगळवारी एचआरच्या हेलनने बोलावलं. आत जाऊन बघते तर समोर सुनीती बसलेली!

डार्विनसाठी तुम्हा दोघींचेच अर्ज आहेत, हेलन म्हणाली. जी आधी रुजू झाली, तिच्या मुलाला जागा. म्हणजे सुनीतीच्या सोहमला. सुनीती सोळा दिवसांनी सीनियर होती. का, तर दोघींची निवड एकाच दिवशी झाली होती, पण पितृपक्षात नव्या कामाला हात घालायचा नाही म्हणून मयूरा थांबली होती. पितरं तृप्त झाली की नाही देव जाणे, लेकीची जागा मात्र गेली.

"बॅलरॅटच्या कॉलेजची जागा रिकामी आहे," हेलन म्हणाली. "बदल हवा असेल तर आज पाचपर्यंत कळवा." आता बॅलरॅटच्या थंडीत मगर कुठून यायची?

बाहेर येताच सुनीती उसळली. "एका शब्दाने बोलली नाहीस मला!"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मला काय माहीत, तूही तिथेच अर्ज टाकलायस म्हणून! सोहमला कुठलंही कॉलेज चालतंय गं. पण डार्विनला माझा कुमारदादा आहे. पोरगं घरचं जेवेल, मामाचा धाक राहील..."

आता मयूरा ती जागा कुठल्या तोंडाने मागणार? "जाऊ दे सोहमला," असं म्हणून ती लायब्ररीत आपल्या कामाला गेली, आणि पुस्तकं लावता लावता तिने कपाटाआड रडून घेतलं. इरावतीला काय सांगायचं, हे तिला सुचेना.

साडेचारला सुनीती आली. "सोहमचं बॅलरॅट करून आले."

"अगं, पण कुमारदादा?"

"दादाला मी बघते. नऊ वर्षांपूर्वी या नोकरीची जाहिरात मला कोणी पाठवली होती? स्वतः अर्ज केला होतास, तरी पाठवलीस. तेव्हा कशी नाही लागली गं तुला दृष्ट?"

मयूराने तिला मिठी मारली ती सोडेचना. मग डोळे पुसून इरावतीला फोन लावला आणि स्पीकरवर सगळं सांगून टाकलं. "आधी मावशीला थँक्यू म्हण!"

"थँक यू सो मच, मावशी! पण वेट, आई, तुला आज कळलं? सोहमने तर मला डार्विनचा फॉर्म भरला त्याच दिवशी सांगितलं होतं. वी थॉट तुम्ही दोघींनी मिळून काहीतरी ठरवलं असेल. रोज ट्रेनमध्ये तासभर बोलता ना?"

मयूराने घाईघाईने स्पीकर बंद केला. ट्रेनमध्ये महिनाभर त्या दोघी फक्त कोथिंबिरीबद्दल बोलल्या होत्या.