शाळेच्या गल्लीत, दहा वाजता

नातीला मी शब्द दिला होता, शाळेच्या पहिल्या दिवशी दारात उभी असेन म्हणून. तिचा बाप फिनलंडला बांधकामावर, तो काही येणार नव्हता. "आजी, तू दिसल्याशिवाय मी आत जाणारच नाही," असं सात वर्षांच्या मिर्टेलने मला ठणकावलं होतं.

एक सप्टेंबरला, म्हणजे शाळेच्या त्या पहिल्या दिवशी, माझं काम दुपारचं होतं. पण वारा काही गाईडला विचारून सुटत नाही. वादळ टाळायला जहाज पहाटेच आमच्या तालिनच्या बंदराला लागलं, आणि साडेआठला माझ्या हातात सतरा नंबरची पाटी, तोंडाशी माइक आणि मागे कानात ऐकायची यंत्रं लावलेले बत्तीस म्हातारे प्रवासी. त्या दिवशी बंदरात पाच जहाजं, त्यामुळे बदली गाईड औषधालाही मिळेना.

मग मी लबाडी केली. वाट उलटी फिरवली. आधी टेकडी उरकायची आणि दहाच्या ठोक्याला, मुलं आत जायच्या वेळी, शाळेच्या गल्लीत उतरायचं. पण म्हाताऱ्यांना घाई कसली? एक बाई दुकानातल्या अंबर खड्यांच्या माळांशी रेंगाळली. एका आजोबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, मुतारी कुठंय हो?" मला रडू यायचं बाकी होतं. त्यांना टाकून पळावं म्हटलं, तर त्या गुळगुळीत दगडांवर कुणीतरी तंगडी मोडून घेणार.

शाळेच्या दारातून माझ्या मुलीचा, पिरेतचा, फोन आला. "आई, कुठं आहेस?"

"टेकडीवरच. एकाला लागलीय."

"ती सारखी विचारतेय."

"येतेय म्हणावं. दहा मिनिटं, पिरेत."

माइक चालूच होता. बत्तीस जणांच्या कानात माझं बोलणं गेलं, पण आमची भाषा त्यांना कुठली कळायला. "ही कुठली दंतकथा?" एका बाईने कौतुकाने विचारलं.

गल्लीत पोचलो तेव्हा रांग जवळजवळ संपली होती. आमच्याकडे पहिलीच्या मुलांना बारावीची मुलं हाताला धरून आत नेतात. मिर्टेल एकटीच पायरीवर राहिली होती. हातात बाईंसाठी आणलेली, तिच्याएवढी उंच ग्लॅडिओलसची फुलं. बारावीतला एक उंच मुलगा वाकून तिची समजूत काढत होता आणि ती मान वळवून मोठ्या माणसांत मला शोधत होती.

मी रस्त्याच्या पलीकडे, फार तर वीस पावलांवर. हाक मारली असती तर संपलं असतं. पण रस्त्यात कुणाला हाका मारणं आम्हाला जमत नाही. आमच्या आईने शिकवलं नाही, मी माझ्या मुलीला शिकवलं नाही. साठ वर्षांत चारचौघांत मी आवाज चढवलेला नाही. म्हणून मी हात वर केला.

त्याच हातात पाटी होती.

पाटी वर गेली की तिच्यापाशी जमायचं, असं या लोकांना जहाजावरच बजावलेलं असतं, आणि निवृत्त माणसं नियमाला फार पक्की. बत्तीसच्या बत्तीस माझ्यापुढे गोळा झाले. फुलं दिसताच कॅमेरे वर गेले. "बाजूला व्हा," मी म्हणाले, तेही हळूच. कानात नुसतं पुटपुटणं ऐकू आलं तसे ते आणखी जवळ सरकले, महत्त्वाचं काहीतरी सांगतेय असं वाटून. मला त्यांच्या पाठीशिवाय काही दिसेना. कोपरं मारत मी बाहेर आले तोवर पायरी रिकामी होती आणि दार लागलं होतं.

पिरेत रस्ता ओलांडून आली. माइक बंद करायला मला दोनदा चाचपडावं लागलं.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"मला बघून?"

"नाही, आई. इतकी गर्दी मध्ये आली. 'आजी कामावर असेल, चल' असं त्या मुलाला म्हणाली आणि स्वतःच त्याचा हात धरून गेली."

"रडली का?"

"छे. अजिबात नाही."

रडली असती तर मला बरं वाटलं असतं.