एन्गोझीला वाट

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी डोंगरातल्या रुकोमे गावाच्या आरोग्यकेंद्रातून म्बरारा शहरातल्या डॉक्टरांकडे इंटरनेटवरून निघालेली सोनोग्राफीची चित्रे वाटेत अडकली. चित्रे नऊ होती. एरवी त्यांना चार मिनिटे पुरत. त्या दिवशी दोन तास सदतीस मिनिटे लागली.

खाटेवर कोन्सोलाता होती. वय एकोणतीस, आठवा महिना, सकाळपासून रक्त जात होते. बाळाची वार खाली सरकली आहे की नाही, एवढेच कळायला हवे होते. सरकली असेल तर कबालेच्या इस्पितळात नेऊन ऑपरेशन. नसेल तर जागचे हलवायचे नाही, कारण कबालेच्या रस्त्यावर पिकअपचे अडीच तासांचे हादरे तिला सोसले नसते. सिस्टर पेरुथ यंत्र चालवायला शिकली होती, पण चित्र वाचणे डॉक्टरांचे काम. मोबाइलवर बोलणे होई, चित्र जात नसे.

तिने डोंगरावरच्या टॉवरवर फोन लावला.

“ट्वेबाझे, तुमचा टॉवर झोपलाय का?”

“जागा आहे, सिस्टर.”

“मग माझी चित्रं कुठं आहेत?”

“रांगेत आहेत.”

“कुणाच्या मागं?”

एरियासाफ ट्वेबाझेने खाली पाहिले. टॉवरच्या खोलीच्या खिडकीतून सगळा बाजार दिसतो. बेटिंग हाउससमोर शंभरेक माणसे उभी होती. लंडनमधला सामना नुकताच सुरू झाला होता आणि आत वीस यंत्रांवर मिनिटामिनिटाला पैज लागत होती.

“बघतो,” तो म्हणाला.

बघण्यासारखे काही नव्हते. रांगेचा नवा क्रम त्यानेच गुरुवारी लावला होता.

साडेचारला सिस्टरने वाट पाहणे सोडले आणि उत्तराशिवायच कोन्सोलाताला पिकअपमध्ये घातले. पाच अठ्ठावन्नला डॉक्टरांचा निरोप आला: वार खाली आहे, ताबडतोब हलवा. तोवर गाडी अर्ध्याहून अधिक रस्ता गेली होती. कबालेत सात वीसला ऑपरेशन झाले. बाई वाचली. मूल वाचले नाही. तासभर आधी पोहोचली असती तर? कबालेच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिले, सांगता येत नाही.

ट्वेबाझे चौपन्न वर्षांचा आहे. पूर्वी बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने डोंगरावर टॉवर उभारला, तेव्हा गावात तारांना कथलाचा डाग लावता येणारा तो एकटाच होता, म्हणून त्याला घेतले. रुकोमेचे सगळे इंटरनेट या एका टॉवरवरून येते. शाळा, सहकारी बँक, बटाट्याचे व्यापारी, आरोग्यकेंद्र, सगळ्यांना मिळून एकच वाट. सकाळी ती मोकळी असते. दुपारनंतर कोंडते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने राउटरमध्ये एक ओळ लिहिली होती. आरोग्यकेंद्रातून काही निघाले की बाकीच्यांनी बाजूला व्हायचे. त्या ओळीला नाव देणे भाग होते. त्याने ‘एन्गोझी’ दिले. दुसरे काही त्याला सुचलेच नाही. या डोंगरांत आजारी माणसाला वेताच्या डोलीत घालून खाली आणतात, ती एन्गोझी. प्रत्येक घराने खांदा द्यायचा असतो आणि वाटेवर ती दिसली की वऱ्हाडसुद्धा बांधाखाली उतरते. कुणाची डोली आहे, हे आधी कुणी विचारत नाही.

त्या ओळीबद्दल त्याने वरच्यांना कळवले नव्हते. खाली सांगायचाही प्रश्न आला नाही. सिस्टरची चित्रे चार मिनिटांत जात. तेवढाच वेळ लागतो असे तिला वाटे.

मार्चमध्ये कंपनीने ‘एक्स्प्रेस’ सेवा काढली. दरमहा जास्त पैसे भरणाऱ्याचे सगळे आधी जाईल. रुकोमेत ती फक्त बेटिंग हाउसने घेतली. गुरुवारी मुख्य कार्यालयातून फाइल आली: जुने सगळे नियम पुसून हा एकच चढवावा. ट्वेबाझेने ती दोनदा वाचली. मग चढवली. सिस्टरला सांगायला हवे, असे त्याच्या मनात आले होते. पण सांगायचे म्हणजे आधी अकरा वर्षांचे सांगावे लागले असते.

सोमवारी सकाळी ते त्याने सांगितले. सिस्टर पेरुथ ओट्यावर बसून ऐकत होती. ट्वेबाझेच्या बायकोने ज्वारीच्या आंबिलीने भरलेला भोपळ्याचा तुंबा समोर ठेवला होता. सिस्टरने त्याला हात लावला नाही.

“म्हणजे अकरा वर्षं तुम्ही मला वाट करून देत होतात.”

“हो.”

“आणि गुरुवारी काढून घेतलीत.”

“हो.”

“एक फोन करायचा होता. मी तिला तीनलाच गाडीत घातलं असतं. चित्रांची वाटच पाहिली नसती.”

ट्वेबाझेने तुंबा तिच्याजवळ सरकवला.

“कोन्सोलाताची सासू मला विचारते, सिस्टर, यंत्र बिघडलं होतं का? मी काय सांगू? यंत्र चांगलं होतं, पुढं सामना चालला होता म्हणून?”

“तसंच सांगा. आणि मी तक्रार करतो. कंपालाला दूरसंचाराचा सरकारी आयोग आहे.”

“तुम्ही? स्वतःच्या कंपनीविरुद्ध?” सिस्टर पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहत म्हणाली. “रेडिओचं दुकान अजून आहे ना तुमचं?”

“छप्पर आहे.”

“मग हरकत नाही. छप्पर लागेल.”

बेटिंग हाउसचा मॅनेजर डिक्सन अम्पुरिरे बुधवारी आपणहून टॉवरवर आला. चढ चढून त्याला धाप लागली होती. त्याच्या शर्टावर बेटिंग कंपनीने वाटलेला पिवळा पट्टा होता. ट्वेबाझेला तो, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसे, म्झेई म्हणे.

“म्झेई, गावात माझ्याकडं बघून बायका थुंकायला लागल्यात,” तो दगडावर टेकत म्हणाला. “माझ्या आईनं काल मला जेवायला वाढलं आणि ताटाला पाठ करून बसली.”

“तुझी काय चूक? तू सेवा विकत घेतलीस.”

“मी कुठं घेतली? हेडऑफिसनं घेतली. मला वाटलं यंत्रं जोरात चालतील. दुसऱ्याची थांबतील असं कागदावर कुठं होतं?”

“वाट तेवढीच आहे, डिक्सन. एकाला पुढं सोडायचं म्हणजे दुसऱ्याला थांबवायचं.”

“हे तुम्ही अकरा वर्षं फुकट करत होतात म्हणे.”

“करत होतो.”

“मग तेव्हा आमची यंत्रं थांबायची?”

“चार मिनिटं.”

डिक्सनने कपाळावरचा घाम पुसला. “एकदा एकाची पैज त्या चार मिनिटांत बुडाली होती,” तो म्हणाला. “त्यानं माझी खुर्ची मोडली. मी म्हटलं, बाबा, डोंगरावर ढग आला असेल.” मग हसला, आणि हसणे अर्धेच सोडून उठला. “सिस्टरला म्हणावं, शनिवारी माझ्या काउंटरवर येऊन बस. माझ्या लाइनीवरून चित्रं पाठव. मी खुर्ची देतो.”

सिस्टरने ते ऐकून घेतले. सोनोग्राफीचे यंत्र डोक्यावर घेऊन पैजवाल्यांच्या गर्दीतून जायचे, आणि रक्त जाणाऱ्या बाईजवळ कोण बसणार? तरी पुढच्या शनिवारी तिने चित्रे पेनड्राइव्हवर घालून मोटरसायकलने बेटिंग हाउसला पाठवली. पाच मिनिटांत ती म्बराराला पोहोचली. सोमवारी टॉवरच्या कंपनीकडून डिक्सनला पत्र आले: एक्स्प्रेस लाइन दुसऱ्याला वापरू देणे कराराचा भंग आहे. त्यानंतर खुर्ची रिकामी राहिली.

त्याच आठवड्यात कंपनीच्या या विभागाच्या व्यवस्थापक नामाकुला मॅडम कंपालाहून आल्या. टॉवरच्या खोलीत एकच स्टूल होते. ट्वेबाझेने ते पुसून दिले. मॅडम बसल्या नाहीत. त्यांच्या हातात राउटरमधल्या जुन्या नियमांच्या तपासणीचा कागद होता.

“एन्गोझी म्हणजे काय, म्झेई?”

त्याने सांगितले.

“आमच्या कंपालाकडच्या बुगांडात असलं काही नाही,” त्या म्हणाल्या. “चांगली पद्धत आहे. पण ही परवानगी तुम्हाला कुणी दिली?”

“कुणी नाही.”

“म्हणजे कंपनीच्या वाटेवर कुणी आधी जायचं, हे अकरा वर्षं एकट्यानं ठरवलंत. आणि आता आयोगाला लिहिताय की कंपनी भेदभाव करते.”

“तुम्ही विकताय, मॅडम.”

“आणि तुम्ही फुकट वाटत होतात. विकणाऱ्याला निदान दरपत्रक असतं. भिंतीवर लावलेलं, कुणालाही वाचता येणारं. तुमचं दरपत्रक कुठं होतं?”

ट्वेबाझेने विचार केला. तो भांडखोर माणूस नाही. कुणी बरोबर बोलले की त्याला ते बरोबर वाटते आणि मग उत्तर सुचायला वेळ लागतो.

“एन्गोझीपुढं कुणी पैसे दाखवले तर,” तो शेवटी म्हणाला, “आमच्याकडं त्याला वाटेवर उभं राहू देत नाहीत.”

“कळलं. पण या टॉवरची बॅटरी गेल्या वर्षी बदलली, ती कशातून? बेटिंगवाले भरतात म्हणून शाळेला या दरात मिळतं. ते गेले तर टॉवर बंद होईल. मग तुमची सिस्टर चित्रं कबुतराच्या पायाला बांधेल का?” मॅडमनी आवाज चढवला नव्हता. उलट त्या थकलेल्या दिसत होत्या. “आरोग्यकेंद्रानं एक्स्प्रेससाठी अर्ज करावा. मी सवलत मिळवून देते.”

“अर्ज जिल्ह्याला गेलाय. जिल्हा म्हणतो, या वर्षी तरतूद नाही.”

“मग पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी,” ट्वेबाझे म्हणाला. ते शब्द त्याने नुसते परत उच्चारले होते, पण मॅडमनी खिडकीबाहेर पाहिले.

निघताना त्या म्हणाल्या, “तक्रार मागे घ्या. बाकीचं मी सांभाळते. वर्षभरात निवृत्त होताय तुम्ही.”

त्याने तक्रार मागे घेतली नाही. तीन आठवड्यांनी आयोगाची प्रश्नावली आली. चौदा प्रश्न होते. सातवा असा: तक्रारदाराने स्वतः कधीही, अधिकृत परवानगीशिवाय, कोणाच्याही इंटरनेट वाहतुकीला अग्रक्रम दिला आहे काय? पुढे दोन चौकटी, आणि खाली तपशिलासाठी चार ओळी.

रविवारी चर्च सुटल्यावर सिस्टर पेरुथ ते भरायला मदत करायला आली. तिचे अक्षर चांगले आहे. सहा प्रश्न भराभर झाले. सातव्यावर तिने पेन उचलले.

“‘नाही’ लिहिते.”

“‘हो’ लिहा.”

“‘हो’ लिहिलं की संपलं. ते म्हणतील, दोघंही एकाच माळेचे मणी. तक्रार फाइलीत जाईल आणि तुम्ही घरी.”

“राउटरमध्ये नोंद आहे. मॅडमकडं कागद आहे.”

“त्यांना सिद्ध करू देत. तुम्ही कशाला हातानं द्यायचं? ट्वेबाझे, मला ती वाट परत पाहिजे. तुमचा खरेपणा घेऊन मी काय करू? बायका काही थांबत नाहीत.”

“माहीत आहे.”

“मग?”

त्याने तिच्या हातून पेन घेतले आणि ‘हो’च्या चौकटीत खूण केली. खालच्या ओळींत सावकाश लिहिले: आरोग्यकेंद्र, अकरा वर्षे, रोज. मग थोडे थांबून आणखी एक ओळ लिहिली. सिस्टरने ती उलट्या बाजूने वाचली. मे २०१९, मेहुण्याचे दफन, चाळीस मिनिटे. बहीण दुबईत घरकामाला होती, तिला फोनवर दाखवण्यासाठी.

“हे कशाला?” ती म्हणाली. “हे तर कुणालाच माहीत नव्हतं.”

“त्या चाळीस मिनिटांत तुमचं काही जाणार नव्हतं. मी आधी तुम्हाला फोन करून विचारलं होतं.”

“आठवतं. मी म्हटलं होतं, आज कुणी नाही. मग काय बिघडलं?”

“दुसऱ्या कुणाचं काही असेल. ते मी विचारलं नव्हतं.”

सिस्टरने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने कागद आपल्याकडे ओढला.

“बहिणीला दिसलं का नीट?”

“माती टाकेपर्यंत दिसलं. मग तिच्या मालकिणीनं हाक मारली.”

“आठवा प्रश्न,” सिस्टर म्हणाली, आणि पुढचे भरू लागली.

प्रश्नावली मंगळवारच्या बसने कंपालाला गेली. पहिल्या तारखेला कंपनीने ट्वेबाझेकडून टॉवरच्या खोलीची किल्ली घेतली. चौकशी पूर्ण होईपर्यंत तो रजेवर आहे, असे पत्रात म्हटले आहे. त्याच्या जागी कबालेहून आठवड्यातून दोनदा एक तंत्रज्ञ येतो. आयोगाने प्रश्नावली मिळाल्याचे कळवले आहे. सुनावणीची तारीख दिलेली नाही.

गेल्या शनिवारी दुपारी आरोग्यकेंद्रातून सहा चित्रे निघाली. त्यांना एक तास एकोणपन्नास मिनिटे लागली. सिस्टर पेरुथने त्या बाईला खाटेवर ठेवले नव्हते. उत्तर येईपर्यंत ती अंगणातल्या पिकअपमध्ये मागे गादीवर पडून होती, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केले नव्हते.