थिजलेल्या तेलाची फिर्याद

मी इस्पितळामागच्या टाकीतला जाड, काळ्या तेलाचा जुना साठा आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं भयंकर फिरलंय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यातला. जमिनीतून काढलेलं कच्चं तेल तिथे तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही माझी हलकी भावंडं वाफ होऊन वर गेली. मी जड, म्हणून तळाशी राहिलो. लोक मला सरळ 'गाळ' म्हणाले! अरे, मग मोठमोठी जहाजं कुणाच्या जिवावर चालली? कारखान्यांच्या भट्ट्या कुणी पेटवल्या? या इस्पितळाच्या बॉयलरमध्येही मीच जळतो. शस्त्रक्रियेची अवजारं आणि रुग्णांच्या चादरी त्या बॉयलरच्या वाफेवर निर्जंतुक होतात.

माझा स्वभाव मी कधी लपवला नाही. गरम असलो की वाहतो, गार पडलो की थिजतो. मला गरम ठेवते ती बॉयलरचीच वाफ. म्हणून सफाईसाठी बॉयलर बंद करायचा, तर आधी पातळ डिझेल सोडून माझा पाइप धुऊन घ्यायचा. आमचे बॉयलरवाले काका बावीस वर्षं हे न चुकता करत आले.

गेल्या महिन्यात नवे साहेब आले. सफाईसाठी बॉयलर बंद करायच्या दिवशी काका डिझेलचा व्हॉल्व्ह उघडायला गेले, तर साहेब म्हणाले, "राहू द्या हो! चांगलं डिझेल कशाला जाळताय? एका दिवसात काय दगड होणार आहे त्या तेलाचा?"

"दगडच होतो, साहेब. मग वाफेशिवाय तेल हलत नाही आणि तेलाशिवाय वाफ होत नाही. पेटवायचं कसं?"

"काका, तुम्ही मला शिकवू नका."

झालं! दुसऱ्या दिवशी मी पाइपात घट्ट बसलो. बॉयलर काही केल्या पेटेना. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. काकांनी स्वयंपाकघरातून उकळतं पाणी आणलं, त्यात गोणपाटं भिजवून पाइपाला गुंडाळली. गार झाली की पुन्हा भिजवायची, पुन्हा गुंडाळायची. हात पोळले बिचाऱ्यांचे. संध्याकाळी कुठे मी हललो आणि बॉयलर पेटला.

आणि साहेबांनी अहवालात काय लिहावं? 'तेल निकृष्ट, कर्मचारी निष्काळजी.' चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना काकांना कामावरून काढलं. जाताना टाकीवर थाप मारून ते एवढंच म्हणाले, "तुझा काही दोष नाही बाबा." मला तोंड असतं ना, तर साऱ्या इस्पितळाला ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

आता बॉयलरच्या खोलीत नवी पाटी लागली आहे. 'बॉयलर बंद करण्यापूर्वी पाइप डिझेलने धुवावा.' खाली सही साहेबांची!

मित्रांनो, मला खुशाल गाळ म्हणा. पण ज्याला काम कळतं, त्याचं ऐका. आणि नाही ऐकलंत, तर निदान आपली चूक त्याच्या माथी मारू नका. पाटी लागून दोन आठवडे झाले. काकांना अजून कुणी परत बोलावलेलं नाही.